करारात ‘मोबाईल’ लिहिलंय आणि आमचा गेम टीव्हीवर चालतोय, काय करायचं? (इंदूर)

पिक्सेल_रामबाग

नमस्कार मंडळी. थोडं लांबलचक लिहितोय, पण वाचून घ्या प्लीज, तीन रात्री नीट झोप नाहीये.

आम्ही तिघं मित्र, इंदूरचेच. करोनात गेर निघाली नाही तेव्हा (बाहेरच्यांसाठी सांगतो, रंगपंचमीला राजवाड्यासमोरून निघते ती रंगांची मिरवणूक) आमचं मन लागेना, म्हणून लोकमान्य नगरात माझ्या घराच्या वरच्या खोलीत बसून फोनसाठी गेरचाच गेम बनवला. एक पोरगा पिचकारी घेऊन राजवाड्यापर्यंत जातो, मागे ढोल, वरून गच्चीतून रंग पडतो, इतकंच. फेब्रुवारी २०२१ मध्ये एका पब्लिशरबरोबर करार केला. बाहेरगावचे आहेत, नाव लिहीत नाही. जाहिरातीच्या कमाईतले ३० टक्के आम्हाला. पहिली दोन वर्षं थोडेफार पैसे आले, मग हिशोब येणंच बंद झालं, आम्हाला वाटलं गेम जुना झाला, कोणी खेळत नसेल.

गेल्या आठवड्यात ग्वाल्हेरच्या मावशीने व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला, “हा तुझाच ना रे?” बघतो तर तिच्या टीव्हीवर आमचा गेम. नवा सेटटॉप बॉक्स घेतला त्यात आधीच टाकलेला आला. त्या पोराच्या डाव्या बुटाची नाडी आम्ही रंगवायची विसरलो होतो, ती तशीच पांढरी दिसतेय, फक्त खालचं आमचं नाव काढून टाकलंय. मावशीला आनंद झाला होता, तिला काय सांगणार.

पब्लिशरला फोन केला तर म्हणतात करारात “मोबाईल व तत्सम उपकरणं” लिहिलंय, बॉक्समध्येही तीच सिस्टिम चालते, म्हणजे तत्समच झालं, आणि बॉक्सवाल्यांकडून एकरकमी मिळालं, जाहिरातीची कमाई नाहीच तर ३० टक्के कशाचे. हे बरोबर आहे का? कोणी असल्या भानगडीतून गेलंय का?

जुना_जॉयस्टिक

रामबागवाल्या, आधी झोप काढ. हा वाद नवा नाहीये, “हा शब्द यात बसतो का” यावरूनच गेमच्या धंद्यातली सगळ्यात मोठी मारामारी झालीये, आणि ती टेट्रिसवरून (वरून पडणारे ठोकळे रचायचा गेम). मी ऐंशीच्या दशकापासून या गोष्टी जमवतोय त्यामुळे जरा सविस्तर सांगतो, तुझ्या कामाची आहे.

१९८४ ला मॉस्कोत अलेक्सी पाजित्नोव सायन्स अकॅडमीच्या कॉम्प्युटर सेंटरमध्ये नोकरीला होता. तिथल्या इलेक्ट्रॉनिका ६० मशीनवर त्याने टेट्रिस लिहिला, त्या मशीनवर चित्रं काढता येत नव्हती म्हणून ठोकळे चक्क कंसांची चिन्हं जोडून दाखवले. फिरत फिरत तो हंगेरीत गेला आणि तिथे रॉबर्ट स्टाइन नावाच्या लंडनच्या व्यापाऱ्याने पाहिला. त्याने मॉस्कोला टेलेक्स केला, तिकडून बोलायला तयार आहोत एवढंच उत्तर आलं, आणि सही व्हायच्या आधीच या गृहस्थाने इंग्लंडच्या मिररसॉफ्टला आणि अमेरिकेच्या स्पेक्ट्रम होलोबाइटला हक्क देऊन टाकले. मिररसॉफ्टने पुढे अटारी गेम्सला दिले, अटारीने त्यातला जपानचा तुकडा पुढे जपानात गेम विकणाऱ्या हेंक रॉजर्सला, दुसरा तुकडा सेगा या जपानी कंपनीला. आता बघ, ज्याच्या घरचं आहे त्याला पत्ताच नाही आणि पाच हातांतून माल गेला!

सोव्हिएत सरकारचं जे खातं हे हक्क सांभाळत होतं त्याचं नाव एलोर्ग. फेब्रुवारी १९८९, एकाच आठवड्यात रॉजर्स, स्टाइन आणि मिररसॉफ्टचा केव्हिन मॅक्सवेल तिघंही मॉस्कोत. एलोर्गचा निकोलाय बेलिकोव त्यांना वेगवेगळ्या वेळी भेटतोय. रॉजर्सने जपानात विकत असलेलं टेट्रिसचं कार्ट्रिज (गेम मशीनमध्ये खोचायची डबी) टेबलावर ठेवलं तर बेलिकोव म्हणाला आम्ही याचे हक्क कोणाला दिलेच नाहीत. रॉजर्स घाबरला नाही, विकलेल्या मालाची रॉयल्टी म्हणून तिथल्या तिथे चेक लिहून दिला. तेच कार्ट्रिज मॅक्सवेलला दाखवलं तेव्हा तो म्हणाला हे चोरीचं असणार, आणि त्याच्यावर त्याच्याच कंपनीचं नाव छापलेलं होतं.

आता तुझा मुद्दा. स्टाइनच्या करारात हक्क “कॉम्प्युटर”साठी होते. बेलिकोवने दुरुस्तीचा कागद पुढे केला, त्यात उशिरा पैसे दिल्यास मोठा दंड घातला होता, स्टाइनचं सगळं लक्ष त्या दंडावर. आणि त्याच कागदात एक ओळ होती, की कॉम्प्युटर म्हणजे प्रोसेसर, मॉनिटर, डिस्क ड्राइव्ह, कीबोर्ड आणि ऑपरेटिंग सिस्टिम असलेलं यंत्र. स्टाइनने सही केली. टीव्हीला लावायच्या गेम मशीनला ना कीबोर्ड ना डिस्क ड्राइव्ह, म्हणजे ते कॉम्प्युटर नाही, म्हणजे कन्सोलचे हक्क स्टाइनकडे कधी नव्हतेच, म्हणजे मिररसॉफ्टकडे नव्हते, म्हणजे अटारीकडेही नव्हते. एका ओळीत सगळी साखळी तुटली. मार्चमध्ये गेम मशीन बनवणाऱ्या जपानच्या निंटेंडोने कन्सोलचे हक्क एलोर्गकडून थेट घेतले. अटारीने टेंजेन नावाने मे महिन्यात आपलं कार्ट्रिज बाजारात आणलं, जूनमध्ये अमेरिकेतल्या जज फर्न स्मिथ यांनी मनाई हुकूम दिला आणि तयार माल गोदामात पडून राहिला.

तुझा “तत्सम” हा शब्द त्या कॉम्प्युटरचा भाऊ आहे. फरक एवढाच की एलोर्गने व्याख्या लिहून घेतली, तुम्ही नाही घेतली. आणि पाजित्नोवला रॉयल्टी १९९६ पर्यंत मिळाली नाही, हेही लक्षात ठेव, बनवणारा शेवटी असतो.

सराफा_रात्री_दोन

काका जबरदस्त 🙏 मी तर फक्त पबजीचं बघितलंय. २ सप्टेंबर २०२० ला सरकारने ११८ अॅप बंद केले त्यात पबजी मोबाईल होता, सहाच दिवसांत कोरियाच्या कंपनीने जाहीर केलं की भारतात प्रकाशनाचे हक्क टेन्सेंटकडून काढून घेतले आणि आम्ही स्वतः बघू. मग जुलै २०२१ ला बीजीएमआय, म्हणजे पबजीचाच भारतातला नवा अवतार, आला. आम्ही होस्टेलवाले म्हणत होतो गेम चिनी आहे, तेव्हा कळलं गेम कोरियाचा, दुकान चिन्यांचं. हक्क परत घेता येतात हे पहिल्यांदा तेव्हा समजलं. पिक्सेल दादा तुम्हीपण घ्या परत.

कागदपत्र_ताई

हक्क असे वाटेल तेव्हा परत घेता येत नाहीत रे, कोरियाच्या कंपनीच्या करारात काय होतं ते तुला मला माहीत नाही.

पिक्सेल, मी इंदूरलाच वकिली करते, कॉपीराइटची कामं अधूनमधून येतात. तुझा करार न बघता सल्ला देणार नाही, पण कायदा काय म्हणतो तेवढं सांगते. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १९. ते हक्क कायमचे लिहून देण्याबद्दल आहे पण कलम ३०अ मुळे लायसन्सलाही लागू होतं. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षं धरतात. प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत धरतात. रॉयल्टी किती हेही लिहिलेलं लागतं. आणि हक्क घेऊन समोरच्याने वर्षभर वापरलाच नाही तर तेवढा हक्क संपतो, करारात वेगळं लिहिलं नसेल तर.

कलम १८ मध्ये २०१२ ला एक चांगली भर पडली, की करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं किंवा बाजारात वापरात नव्हतं त्याचे हक्क आपोआप जात नाहीत, नाव घेऊन लिहावं लागतं. पण तुला त्याचा उपयोग नाही, कारण २०२१ ला असे टीव्ही बॉक्स घरोघरी होते. उलट मी तुझ्या बाजूने हाच मुद्दा मांडेन, की तेव्हा टीव्ही बॉक्स सगळ्यांना माहीत होता, घ्यायचा असता तर नाव लिहिलं असतं. तत्सम म्हणजे मोबाईलसारखं, हातात धरायचं, बोटाने चालवायचं. भिंतीवर टांगलेला टीव्ही रिमोटने चालतो.

दोन गोष्टी बघून सांग. करारात मुदत आहे का. आणि पुढे तिसऱ्या कोणाला हक्क द्यायची परवानगी पब्लिशरला दिलीये का.

पिक्सेल_रामबाग

ताई, अकरा पानं पुन्हा वाचली, ह्या वेळेस हातात पेन्सिल घेऊन. मुदत कुठेच नाही!! “कायमचे” असंही नाही. प्रदेश “जगभर” लिहिलाय. तिसऱ्याला देण्याबद्दल लिहिलंय की “आमच्या लेखी संमतीने”. आम्ही कधी संमती दिलेली नाही. भांडण झालं तर लवाद, त्यांच्या शहरात.

म्हणजे फेब्रुवारी २०२६ ला पाच वर्षं होतात. मला रडू आलं खरं सांगतो, इतके दिवस वाटत होतं गेम हातातून गेला.

आता मी हे सगळं फोटोसकट सोशल मीडियावर टाकू का? माझे मित्र म्हणतायत टाकच.

किल्ल्यावरून_ग्वाल्हेर

थांब. टाकू नकोस. माझं मत इथे कोणाला आवडणार नाही पण मनापासून लिहितोय.

मी दहा वर्षं एका पब्लिशरकडे नोकरी केली. प्रत्येक वेळेस बनवणारा बिचारा आणि पब्लिशर लबाड असं नसतं. वर काकांनी टेंजेनचं सांगितलं, त्याच कंपनीची दुसरी बाजू ऐक. निंटेंडोच्या मशीनमध्ये कुलूप म्हणून एक चिप होती, निंटेंडोची परवानगी नसेल तर कार्ट्रिज चालत नसे. लायसन्सच्या अटी जाचक होत्या हे खरंय, वर्षाला पाचच गेम, तोच गेम दोन वर्षं दुसऱ्या मशीनवर द्यायचा नाही, कार्ट्रिज निंटेंडोच बनवणार. पण म्हणून अटारीच्या वकिलांनी काय केलं, तर अमेरिकेच्या कॉपीराइट ऑफिसात जाऊन खटला चालू आहे असं खोटं लिहून देऊन त्या कुलपाच्या प्रोग्रामची नक्कल मिळवली. खटला तेव्हा चालू नव्हता. १९९२ ला वरच्या कोर्टाने हे धरून त्यांच्या विरुद्ध निकाल दिला. म्हणणं कितीही बरोबर असो, हात खराब असले की कोर्ट ऐकत नाही.

आणि सिलिकॉन नाइट्स. कॅनडाची कंपनी, २००७ ला एपिक गेम्सवर दावा ठोकला की तुमचं अनरियल इंजिन (गेम ज्याच्यावर बांधतात ते तयार सॉफ्टवेअर) वेळेवर आणि नीट दिलं नाही म्हणून आमचं नुकसान झालं. एपिकने उलटा दावा केला की आमचाच कोड उचलून तुम्ही स्वतःचं इंजिन म्हणताय. २०१२ ला ज्युरीने एपिकच्या बाजूने निकाल दिला, ४४.५ लाख डॉलर, आणि कोर्टाने हुकूम दिला की न विकलेल्या कॉप्या नष्ट करा. दावा ज्यांनी लावला त्यांचेच गेम नष्ट झाले.

म्हणून विचारतो, राग मानू नकोस. तुमच्या गेममधला ढोल कोणी वाजवलाय? फॉन्ट कुठला? इंजिनचं लायसन्स कुठलं? नोटीस गेली की समोरचा वकील पहिलं हेच विचारणार.

पिक्सेल_रामबाग

(दोन दिवसांनी लिहितोय)

ग्वाल्हेरकर दादा, तुमचा प्रश्न वाचून मी खालीच बसलो. इंजिनचं बरोबर आहे, फॉन्ट फुकट वापराचा आहे, त्याची पावती सापडली. ढोल... ढोल आमच्याकडच्या एका पथकाचा आहे. त्यांच्या सरावाला मैदानावर गेलो होतो, फोन विटेवर उभा ठेवून रेकॉर्ड केला, शेवटी ताशेवाल्याची टिपरी निसटते तो आवाजसुद्धा तसाच आहे गेममध्ये. सगळ्यांना सांगून केलं, सगळे खुश होते, गेममध्ये पथकाचं नाव दिलं. पण लिहून काहीच घेतलं नाही. आणि पब्लिशरच्या करारात मी सही केलीये की “सर्व आवाज व चित्रांचे हक्क आमच्याकडे आहेत”.

म्हणजे जे माझ्याशी झालं तेच मी त्यांच्याशी केलंय का? नाव तर टीव्हीवाल्यांनी आमच्याबरोबर त्यांचंपण काढलं.

बडोदे_मांडवी

पिक्सेल, तू त्यांना विचारून घेतलं, नाव दिलं, हा फरक मोठा आहे. पण कागद कर, लगेच कर. संगीताचा कागद कच्चा राहिला की गेम किती वर्षांनी अडकेल सांगता येत नाही. मी बडोद्यात साउंडचं काम करतो, गाणं वापरायचं लायसन्स बहुतेक वेळा ठरावीक वर्षांचं असतं. जीटीए फोर २००८ चा, दहा वर्षं झाल्यावर एप्रिल २०१८ मध्ये त्यातल्या रेडिओवरची कितीतरी गाणी अपडेट पाठवून काढावी लागली, ज्यांनी पैसे देऊन घेतला होता त्यांच्याकडूनसुद्धा गेली. अॅलन वेक तर २०१७ ला दुकानातूनच उतरवला, गाण्यांचे हक्क संपले म्हणून, आणि नवीन हक्क घेऊन २०१८ ला परत आणला. दोन्ही मोठ्या कंपन्या, वकिलांची फौज असलेल्या.

पथकाला भेटायला रिकाम्या हाताने जाऊ नकोस. आणि “सर्व माध्यमांसाठी” असं त्यांच्याकडून लिहून घेऊ नकोस, जे तुला नको होतं ते त्यांना देऊ नकोस. फोन, टीव्ही, कॉम्प्युटर, इतकी वर्षं, इतके पैसे, असं सरळ लिही.

आणि इंजिनचं ठीक आहे म्हणालास तरी तारखा बघून ठेव. युनिटी वापरलं असेल तर सप्टेंबर २०२३ ला त्यांनी जाहीर केलं होतं की ठरावीक मर्यादेच्या पुढे प्रत्येक इन्स्टॉलमागे पैसे घेणार, जगभरच्या लहान स्टुडिओंनी आरडाओरडा केला, वर्षभराने रद्द केलं. ते चालू राहिलं असतं आणि बॉक्समधले इन्स्टॉल त्या मर्यादेपुढे गेले असते तर बिल कोणाच्या नावाने फाडायचं यावरून आणखी एक भांडण झालं असतं.

जुना_जॉयस्टिक

ग्वाल्हेरकरांचं म्हणणं पटलं पण अर्धंच. पोराला इतकं घाबरवू नका. लहानांनी पण जिंकलंय. १९७९ ला अटारीच्या चार प्रोग्रामरांनी नोकरी सोडून अॅक्टिव्हिजन काढली कारण त्यांच्या गेमवर त्यांचं नाव छापत नव्हते, अटारीने दावा लावला, शेवटी १९८२ ला तडजोड झाली आणि बाहेरच्या कंपनीने दुसऱ्याच्या मशीनसाठी गेम बनवायचा रस्ता मोकळा झाला. नाव काढून टाकण्याचं दुःख काय असतं ते तिथून कळतं. सेगा विरुद्ध अॅकोलेड पण वाचा, १९९२, अॅकोलेडने सेगाचं मशीन उघडून समजून घेतलं आणि लायसन्स न घेता गेम काढले, खालच्या कोर्टात हरले, वरच्या कोर्टाने सांगितलं की सुसंगत माल बनवण्यासाठी दुसरा मार्ग नसेल तर असा अभ्यास करणं योग्य वापरात बसतं. आपल्या कायद्यातही कलम ५२ मध्ये असं पोटकलम आहे, ताई सांगतील.

कागदपत्र_ताई

आहे, बरोबर. पण इथे तो मुद्दा नाही, विषय भरकटवू नका काका 🙂

पिक्सेल, क्रम सांगते. आधी पथकाशी लेखी करार. मग पब्लिशरला पत्र, नोटीस नाही, साधं पत्र, त्यात चारच गोष्टी, हिशोब द्या, बॉक्सवाल्यांबरोबरच्या कराराची प्रत द्या, आमची लेखी संमती कुठे आहे ते दाखवा, नावं परत लावा. सोशल मीडियावर काही टाकू नकोस, चर्चेचं दार बंद होतं. लवादाचं कलम आहे त्यामुळे कोर्ट नंतरचं. ज्यांच्या करारात ते कलम नाही त्यांच्यासाठी सांगते, ३ लाखांच्या वरचा असा दावा व्यापारी दाव्यात मोडतो आणि तातडीची मनाई मागायची नसेल तर आधी मध्यस्थी करावीच लागते, व्यापारी न्यायालय कायद्याचं कलम १२अ, २०२२ ला सुप्रीम कोर्टाने ते बंधनकारक आहे असं स्पष्ट केलंय.

आणि घाईत सगळे हक्क तोडून टाकू नकोस. फेब्रुवारी जवळ आहे हे तुला माहीत आहे, त्यांच्या वकिलालाही कळेल. तेच तुझं वजन आहे.

सराफा_रात्री_दोन

हो दादा तोडू नका एकदम. अमेरिकेची गेम कंपनी ब्लिझार्ड आणि तिचे गेम चीनमध्ये चालवणारी नेटईझ, त्यांचं लायसन्स संपलं, २३ जानेवारी २०२३ ला चीनमधले सर्व्हर बंद, लोकांनी वर्षानुवर्षं जमवलेलं सगळं अडकलं, २०२४ ला परत करार केला दोघांनी. भांडण कंपन्यांचं आणि बसले खेळणारे. तुमच्या मावशीच्या टीव्हीवरून गेला तर तिला वाईट वाटेल.

पिक्सेल_रामबाग

(पाच आठवडे झाले, अपडेट देतोय, ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्यांचे आभार आधी)

पथकाकडे गेलो. छप्पन दुकानवरून (आमची खाऊगल्ली) डबा घेऊन गेलो होतो. प्रमुख काका म्हणाले कागद कशाला रे, आपलाच आहेस. मी म्हटलं काका तुमच्यासाठीच कागद. फोन आणि टीव्ही, तीन वर्षं, जे मिळेल त्यातले दहा टक्के पथकाला, नाव पहिल्या पडद्यावर. ताशेवाल्या पोराने स्वतःची सही पहिल्यांदाच स्टॅम्प पेपरवर केली, दोनदा विचारलं कुठे करू.

मग पत्र पाठवलं, ताईंनी सांगितलं तसं. अठरा दिवस काही नाही. एकोणिसाव्या दिवशी त्यांचा फोन, आवाज वेगळाच. बॉक्सवाल्यांबरोबरचा करार त्यांनी २०२३ लाच केला होता, संमतीचा कागद त्यांच्याकडे नाही हे मान्य केलं. एकरकमी मिळालेल्या पैशातले ३० टक्के देतो म्हणतायत, जुन्या हिशोबासकट, आणि नावं पुढच्या अपडेटमध्ये परत. बदल्यात नवीन करार हवाय, २०२६ पासून दोन वर्षं. आम्ही तिघांनी रात्री एकपर्यंत बसून ठरवलं, देऊ, पण कलम आमच्या शब्दांत. ताई, हे मी लिहिलंय, बघाल का?

“या करारात मोबाईल म्हणजे हातात धरून वापरायचा, स्वतःचा पडदा असलेला फोन किंवा टॅबलेट. टीव्ही म्हणजे घरगुती टीव्ही संच किंवा त्याला जोडलेला सेटटॉप बॉक्स इत्यादी. याखेरीज इतर सर्व उपकरणांचे हक्क बनवणाऱ्यांकडे राहतील.”

कागदपत्र_ताई

छान लिहिलंस. “इत्यादी” काढ. आणि “बनवणाऱ्यांकडे” म्हणजे कोणाकडे, तुम्हा तिघांची पूर्ण नावं घाल.

पिक्सेल_रामबाग

काढला. नावं घातली, तिघांचीही. आज संध्याकाळी पाठवतोय.